चांगला आवाज कुठून येतो? फॉरमॅट आणि मास्टरिंगची ओळख

घरात चांगली म्युझिक सिस्टिम घ्यायची ठरली की चर्चा कशाची होते? स्पीकर किती वॅटचे, अ‍ॅम्प्लिफायर कोणत्या कंपनीचा, वायर किती जाड. ज्यांना या गोष्टीची खरी हौस असते ती माणसे एका खोलीवर काही लाख रुपयेसुद्धा खर्च करतात. पण स्पीकर स्वतः गात नाही. त्याच्याकडे जे पाठवले जाते तेच तो ऐकवतो. काय पाठवले जाणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. गाणे कोणत्या फॉरमॅटमध्ये साठवले आहे ही एक, आणि साठवण्याआधी त्याचे मास्टरिंग कसे झाले आहे ही दुसरी.

या सत्रात आपल्या म्युझिक क्लबपुढे हाच प्रश्न उभा आहे. संगीताच्या खोलीतल्या कपाटात शाळेच्या जुन्या कॅसेट आहेत. त्या संगणकावर उतरवायच्या आणि मग कपाट रिकामे करून तिथे नवे स्पीकर ठेवायचे, असा एक विचार चालू आहे. त्यावर मत देण्याआधी विषय नीट समजून घ्यावा म्हणून मी हा अभ्यास केला.

थोडी उजळणी करू. आवाज म्हणजे हवेतली कंपने. दर सेकंदाला जितकी कंपने होतात तितकी वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात आणि तिच्यावरून स्वर उंच की खालचा ते ठरते. कंपन किती मोठे आहे तो आयाम. त्यावरून आवाज मोठा की लहान ते ठरते, आणि तो आपण डेसिबलमध्ये सांगतो. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. नववीच्या पुस्तकातले एवढे आठवले तरी पुढचे सगळे समजेल.

गाण्याचा प्रवास

स्टुडिओत प्रत्येक वाद्यासमोर माइक ठेवून वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करतात. मग ते ट्रॅक एकत्र जुळवतात. कोणाचा आवाज पुढे, कोणाचा मागे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, हे त्या वेळी ठरते. याला मिक्सिंग म्हणतात. त्यानंतरची पायरी म्हणजे मास्टरिंग. परेडला जाण्याआधी आपले टर्नआउट तपासतात ना, तसेच हे काम आहे. मास्टरिंग इंजिनिअर पूर्ण गाणे ऐकतो, खर्ज आणि तार यांचा तोल पाहतो, गाण्यांचा क्रम आणि मधली शांतता ठरवतो, एकूण आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवतो, आणि ज्या फॉरमॅटमध्ये गाणे जायचे आहे त्याच्या नियमात ते बसवतो.

फॉरमॅट आणि मास्टरिंग यांतला फरक मला एका दारावरून कळला. फॉरमॅट म्हणजे दाराची चौकट. ती किती उंच, किती रुंद, हे ठरलेले असते. मास्टरिंग म्हणजे त्या दारातून पलटण बाहेर कशी काढायची याचा निर्णय. दार लहान असेल तर उंच मुलांना वाकावे लागेल. पण दार उंच असूनही कोणी सगळ्यांना वाकूनच जायला लावले, तर दोष दाराचा नाही.

तबकडीचे नियम

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड चालत असे. तिच्या एका बाजूवर साधारण तीन-चार मिनिटे मावत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा तासभर चालणारा राग एवढ्याच वेळात बसवावा लागला. म्हणजे फॉरमॅट नुसता आवाज बदलत नाही, तो गाण्याची लांबीही ठरवतो.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने एलपी आणली. ती मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरते आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सहज मावतात. तिच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते आणि त्या हालचालीपासून वीज तयार होते. खर्जातल्या आवाजाला मोठी हालचाल लागते, म्हणजे रुंद खाच लागते. तसाच्या तसा खर्ज कापला तर खाचा एकमेकींत घुसतील. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज कमी करतात आणि तार वाढवतात. घरी वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर याच्या बरोबर उलट करतो. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचा एक ठरावीक वक्र वापरात आला. २० हर्ट्झला हा फेरफार जवळजवळ २० डेसिबलचा असतो. घरातल्या रेकॉर्ड प्लेअरची वायर ‘फोनो’ लिहिलेल्या जागेऐवजी साध्या जागेत लावली तर गाणे किरटे येते, ते याच कारणाने. प्लेअर बिघडलेला नसतो, उलटा वक्र लागलेला नसतो.

एलपीचा आणखी एक नियम आहे. तबकडीचा फिरण्याचा वेग तोच राहतो, पण मध्याकडे जाताना घेर लहान होतो. आतल्या फेरीत सुईखालून एका सेकंदात बाहेरच्या फेरीच्या निम्म्याहूनही कमी लांबीची खाच जाते. तेवढ्याच जागेत तेवढीच कंपने कोंबली जातात आणि उंच स्वर फाटू लागतात. बाजू जितकी लांब तितक्या खाचा जवळ, म्हणून आवाजही हळू कापावा लागतो.

मास्टरिंगने एलपीवर किती फरक पडतो याचे प्रसिद्ध उदाहरण १९६९ चे आहे. लेड झेपेलिन या इंग्रज बँडची दुसरी एलपी रॉबर्ट लुडविग या तरुण इंजिनिअरने जोरकस कापली. चांगल्या प्लेअरवर ती जबरदस्त वाजत असे, पण स्वस्त प्लेअरची सुई खाचेतून उडू लागली. कंपनीने ती पुन्हा हळू आवाजात कापून घेतली. गाणी तीच, वादक तेच, फॉरमॅट तोच, तरी दोन रेकॉर्ड वेगळ्या ऐकू येतात. आज शौकीन लोक ती पहिली आवृत्ती शोधत फिरतात आणि तिला भरपूर किंमत देतात.

सीडीचा हिशेब

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात आवाज आकड्यांत साठवलेला असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा तरंगाची उंची मोजतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटमध्ये लिहितात. डावा आणि उजवा असे दोन मार्ग धरले तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला.

४४,१०० हाच आकडा का? गणिताचा नियम असा की जितकी वारंवारता पकडायची तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजमाप घ्यावे लागते. ४४,१०० चे निम्मे २२,०५० हर्ट्झ. कानाची मर्यादा २०,००० ची, म्हणजे वर थोडी जागा उरते. काहींना वाटते की मोजमापांमधला आवाज हरवतो आणि तरंगाच्या जागी पायऱ्या तयार होतात. तसे होत नाही. या मर्यादेच्या आतला तरंग प्लेअर पुन्हा अखंड गुळगुळीतच बनवतो.

आता १६ बिट. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १६ × ६ = ९६ डेसिबल. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले हे अंतर. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ मिळवले तर १२६ होतात, आणि १२० च्या जवळ कान दुखू लागतात. घरी ऐकण्यासाठी ही चौकट पुरेशी उंच आहे, हे या बेरजेवरून दिसते.

१९८५ मध्ये आलेला डायर स्ट्रेट्स या बँडचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ हा अल्बम डिजिटल यंत्रावर मुद्रित झाला होता. दहा लाखांवर सीडी खपलेल्या पहिल्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते. त्याची काही गाणी एलपीवर कापून लहान करावी लागली, सीडीवर ती पूर्ण आली. त्याचे मास्टरिंग पुन्हा त्याच लुडविग यांचे. त्यात हळू आवाज हळू आणि मोठा आवाज मोठा ठेवलेला आहे, म्हणून चाळीस वर्षांनीही लोक नवी सिस्टिम तपासायला ती सीडी लावतात.

एमपी३ चे तंत्र वेगळे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. ड्रमच्या ठोक्याबरोबर कोणी कुजबुजले तर कळत नाही, तसे. एमपी३ असे झाकले जाणारे भाग शोधून त्यांच्यावर कमी बिट खर्च करते. १२८ किलोबिटची फाइल सीडीच्या अकराव्या हिश्शात मावते. तेवढ्यात झांजेचा आवाज आणि टाळ्यांचा कडकडाट पाणचट होतो. ३२० किलोबिटला मात्र फरक ओळखणे फार कठीण जाते. पण टाकून दिलेले परत मिळत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

जास्त आकडे म्हणजे जास्त चांगले?

आज ‘हाय-रेझोल्यूशन’ हा शब्द सगळीकडे दिसतो. ९६,००० मोजमापे आणि २४ बिट घेतले तर सेकंदाला ४६,०८,००० बिट होतात, सीडीच्या सव्वातीनपट. स्टुडिओत याचा खरा उपयोग आहे. २४ बिटमध्ये १४४ डेसिबलची जागा मिळते, म्हणून मुद्रण करताना पातळी बरीच खाली ठेवता येते आणि गायक अचानक मोठ्याने गायला तरी आवाज फाटत नाही. पण घरी ऐकताना?

२००७ मध्ये अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी हाय-रेझोल्यूशन तबकड्या चांगल्या सिस्टिमवर वाजवल्या. मध्येच ते तोच आवाज सीडीच्या दर्जाच्या यंत्रातून फिरवून आणत आणि कोणता कुठला ते ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगत. ५५४ वेळा विचारले, २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले तरी एवढीच येतील. आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवला तेव्हाच शांत जागी सीडीच्या मार्गाची खरखर कळली.

पण त्यांच्या लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. हाय-रेझोल्यूशनच्या अनेक तबकड्या बाजारातल्या नेहमीच्या सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाजत होत्या. त्यांनी कारण दिले ते असे की त्या तबकड्या शौकीन ग्राहकांसाठी बनत, म्हणून इंजिनिअरना काळजीपूर्वक काम करण्याची मोकळीक मिळत असे. म्हणजे श्रेय कामाचे, आणि नाव मात्र फॉरमॅटचे झाले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि आधी सराव दिलेल्या लोकांत ते वाढले. म्हणजे काही फरक असू शकतो, पण तो फार बारीक आहे. मास्टरिंगचा फरक कोणत्याही सरावाशिवाय ऐकू येतो.

मोठ्या आवाजाची स्पर्धा

दोन गाणी एकामागोमाग वाजवली आणि एक थोडेसे मोठे असले, तर कानाला तेच चांगले वाटते. कानाची ही जुनी खोड आहे. मंद आवाजात खर्ज आणि अतिउंच स्वर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते वर येतात. याचे आलेख फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच काढले होते.

रेकॉर्ड कंपन्यांना ही खोड चांगली माहीत होती. रेडिओवर आपले गाणे दुसऱ्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून १९९० नंतर सीडीचा आवाज वर्षागणिक वाढत गेला. पण सीडीला एक छत आहे. सर्वांत मोठ्या आकड्यापुढे आकडा नाही. छत वर जात नाही म्हणून जमीन वर उचलली. हळू आवाज वाढवले आणि मोठ्या आवाजांचे माथे छाटले. परेड ग्राउंडवर विचार करा. उस्ताद साधे बोलतात आणि मग एकदम ‘सावधान’ देतात, म्हणून तो शब्द अंगात शिरतो. ते पूर्ण तासभर त्याच पट्टीत ओरडत राहिले, तर दहा मिनिटांनी कोणी लक्ष देणार नाही आणि संध्याकाळी डोके मात्र दुखेल.

२००८ मध्ये मेटालिका बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम आला तेव्हा हे सामान्य चाहत्यांच्याही लक्षात आले. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये होती आणि तिथे त्यांचे माथे छाटलेले नव्हते. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. खेळण्यातली प्रत दुकानातल्या सीडीपेक्षा स्वच्छ निघाली. अशी सीडी लाखाच्या सिस्टिमवर लावून काय होईल? छाटलेले माथे अधिक स्पष्ट दिसतील, एवढेच.

आता परिस्थिती थोडी सुधारली आहे. युरोपच्या प्रसारण संघटनेने २०१० मध्ये सरासरी जोर मोजण्याची पद्धत ठरवून दिली. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात. त्यांची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस आहे. जास्त जोरात मास्टर केलेले गाणे तिथे खाली ओढले जाते. स्पर्धेचा फायदा गेला, पण छाटलेले माथे परत उगवत नाहीत.

क्लबमध्ये आम्ही याची परीक्षा घेतली. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या, एक जुनी आणि एक नव्याने मास्टर केलेली, पडद्याआडून वाजवल्या. पहिल्या फेरीत बहुतेकांनी नव्या आवृत्तीला मत दिले. मग फोनवरच्या डेसिबल मीटरने दोन्हींचा आवाज सारखा केला आणि पुन्हा वाजवल्या. या वेळी बरीच मते जुनीकडे वळली. पाच मिनिटांत ना गाणे बदलले होते ना स्पीकर. कोणीही घरी करून पाहावे असा हा प्रयोग आहे.

तीन गाणी, चुकीच्या वेगात

आता माझे सर्वांत आवडते उदाहरण. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा १९५९ चा जॅझ अल्बम. जगभरातले हाय-फाय शौकीन आपली सिस्टिम दाखवताना तो हमखास लावतात. त्याच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होते. टेप हळू चालवून मुद्रण केले आणि नेहमीच्या वेगात वाजवले, तर गाणे लवकर संपते आणि प्रत्येक स्वर थोडा वर चढतो. त्या टेपवरूनच रेकॉर्ड निघाली. दुसऱ्या बाजूची गाणी २२ एप्रिलला झाली, ती बरोबर होती.

तीस वर्षांहून अधिक काळ लोकांनी ती तीन गाणी चढ्या स्वरात ऐकली. उत्तमोत्तम प्लेअर, सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरी, सगळे वापरून ऐकली. एकाही यंत्राला ती चूक दुरुस्त करता आली नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने चूक नव्हतीच. त्याला दिले तेच त्याने वाजवले. सुदैवाने त्या दिवशी स्टुडिओत दुसरे मशीनही चालू होते, सुरक्षेसाठी. त्याचा वेग बरोबर होता आणि त्याची टेप कोणी फेकून दिली नव्हती. १९९२ मध्ये त्या टेपवरून नवे मास्टर बनले आणि गाणी आपल्या खऱ्या स्वरात आली.

वेगाची हीच काळजी अवकाशातही घेतली आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे मराठी वाचकांना माहीत असेलच. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्या फिरवायची, म्हणजे एका फेरीला ३.६ सेकंद. पण परक्या जिवांना सेकंद कसा कळणार? म्हणून आवरणावर हा वेळ हायड्रोजन अणूतल्या एका बदलाच्या कालावधीत लिहून दिला आहे. सोबत सुई आणि ती कशी ठेवायची याचे चित्रही आहे. नुसते गाणे जपून पुरत नाही, ते कसे वाजवायचे याची नोंदही जपावी लागते.

आपल्या कपाटातल्या कॅसेट

आता शाळेकडे येतो. कपाटात साधारण ४० कॅसेट आहेत. स्नेहसंमेलने, बँडचे कार्यक्रम, वक्तृत्व स्पर्धा. एका कॅसेटच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत एका कॅडेटचे नाव आहे. तेच नाव आपल्या स्मृतिभिंतीवरही कोरलेले आहे. आपण रोज त्या भिंतीला सॅल्यूट करून जातो. त्या वीराचा शाळकरी आवाज त्या कॅसेटवर सहा मिनिटे आहे. दुसरी प्रत असल्याचे कोणालाच ठाऊक नाही. क्लबच्या सरांनी ती एकदाच आम्हाला ऐकवली. मागे टेपची सरसर आहे, मध्ये कोणी तरी खोकते, आणि तो मुलगा एका वाक्यानंतर श्वास घेण्यासाठी थांबतो तेही ऐकू येते.

क्लबमध्ये तीन सूचना आल्या. जागा वाचवायला एमपी३ करावे, सरसर काढून आवाज मोठा करावा, आणि मग कॅसेट टाकून द्याव्यात. वर जे शिकलो त्यावरून माझी उत्तरे अशी आहेत.

जागेचा हिशेब करून पाहिला. जगातल्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना अशा कामासाठी किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट सांगते. ४८,००० × २४ × २ = २३,०४,००० बिट दर सेकंदाला, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट. ६० मिनिटांची कॅसेट एका गिगाबाइटच्या थोडी वर जाते. ४० कॅसेट म्हणजे ४२ गिगाबाइटच्या आत. एवढ्यासाठी एमपी३ करून काही टाकून देण्याची गरज नाही.

सरसर काढायची की नाही, ही मास्टरिंगची बाब आहे, आणि मास्टरिंग पुन्हा करता येते. म्हणून पहिली प्रत जशी आहे तशी उतरवावी आणि तिला हात लावू नये. स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवावी. आम्ही एका साध्या भाषणावर सरसर काढणारे सॉफ्टवेअर वापरून पाहिले. सरसर गेली, पण तिच्यासोबत ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले आणि श्वास तर पुसलाच गेला. दहा वर्षांनी चांगले सॉफ्टवेअर येईल, तेव्हा त्या मुलांच्या हातात मूळ प्रत असली पाहिजे.

उतरवतानाही काळजी हवी. प्लेअरचे हेड स्वच्छ करावे आणि ते टेपला बरोबर काटकोनात आहे का ते पाहावे, नाही तर उंच स्वर हरवतात. कॅसेटवर डॉल्बीची खूण आहे का तेही पाहावे. डॉल्बीमध्ये मुद्रण करताना हळू आणि उंच आवाज वाढवलेले असतात आणि वाजवताना ते तितकेच कमी करायचे असतात, म्हणजे सोबत टेपची सरसरही कमी होते. बटण चुकले तर आवाज कर्कश किंवा मंद येतो. आणि प्रत्येक फाइलसोबत कोणते मशीन, डॉल्बी चालू की बंद, तारीख कोणती, हे लिहून ठेवावे, व्हॉयेजरच्या आवरणासारखे.

कॅसेट मात्र टाकू नयेत. ‘काइंड ऑफ ब्लू’ वाचला तो जपून ठेवलेल्या दुसऱ्या टेपमुळे. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात आणि कॅसेट उभ्या, कोरड्या जागी. स्पीकरमध्ये चुंबक असते, म्हणून स्पीकर आणि कॅसेट एका कपाटात तर मुळीच नकोत. त्यासाठी नवे स्पीकर एक वर्ष उशिरा आले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी सिस्टिम घेणाऱ्या पालकांसाठी

१. दोन यंत्रांची किंवा दोन आवृत्त्यांची तुलना करताना आधी आवाज सारखा करून घ्या. दुकानात हे आवर्जून करायला सांगा.

२. आवडता अल्बम घेताना तो कोणी आणि कोणत्या साली मास्टर केला ते पाहा. नव्या आवृत्तीपेक्षा जुनी स्वस्त सीडी कधी कधी चांगली निघते.

३. लेबलवर जाऊ नका. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीला मान्य करावे लागले की शुद्ध अ‍ॅनालॉग समजून लोक घेत असलेल्या तिच्या बऱ्याच एलपींच्या कामात डिजिटल पायरी होती. जाणकारांनी त्याच एलपींची वर्षानुवर्षे स्तुती केली होती. त्या चांगल्या वाजत होत्या हे खरेच होते, कारण काम चांगले होते. पण ग्राहकाला खरे सांगायला हवे होते.

४. पैसे खर्च करायचे तर आधी स्पीकर आणि खोली. स्पीकर भिंतीला चिकटवू नका. पडदा, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी खोलीतला घुमारा कमी होतो.

५. कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आपल्याला पुढे सैन्याची वैद्यकीय तपासणी द्यायची आहे आणि तिथे कानही तपासतात. हेडफोन लावणाऱ्या मित्रांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

कॅसेटबद्दलचा निर्णय क्लबच्या पुढच्या बैठकीत होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या किंवा पालकांच्या घरी शाळेच्या जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या टाकून न देता संगीताच्या सरांकडे कळवावे. चालू स्थितीतला जुना कॅसेट डेक कोणाकडे असेल तर तो आम्हाला काही आठवडे उसना हवा आहे. परत करताना त्याचे हेड साफ करून देऊ.